बाहेरचं काही शिजायचं नाय

१८ डिसेंबर, गुरुवार

लिहीन लिहीन म्हणत दिवाळीपासून टाळलं. ही वही क्रांती चौकात घेतली तेव्हा दुकानांवर आकाशकंदील होते, आता नाताळच्या लाल टोप्या लटकतायत. वहीवर चहाचा पेला ठेवून ठेवून गोल डाग पडलाय, तीच माझी आजवरची एकमेव नोंद. कारण विचाराल तर नाही. लिहायला बसलो की कुणीतरी वेरूळकडं गाडी काढायचं आणि मी मागं बसायचो.

आज लिहितोय, कारण आज मी एका माणसाचं हॉटेल वाचवलं आणि त्याला साधं थँक्यूही सुचलं नाही.

माणूस म्हणजे ऋतुराज, शाळेतला. दौलताबाद रोडला त्यांची जमीन. ह्यानं आयुष्यात काही केलं नाही. रस्ता रुंद होत होत ह्याच्या बांधाला येऊन टेकला आणि हा उद्योजक झाला. संक्रांतीला हॉटेल उघडायचंय. मला बोलावलं, कारण मी बी.ए.चा इतिहास दुसऱ्या वर्षात सोडलाय, हंपी, गोवा, कोची असं करत हॉस्टेलांच्या बशा धुतल्यात आणि पर्यटकांशी बोलताना घाबरत नाही. खाणं-राहणं फुकट. उद्घाटन झालं की मी निघणार. कुठं, ते ठरायचंय.

स्वयंपाकाला बिल्किसआपा, रोशन गेटची. तिचा नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खाताना बडबडे लोक गप्प होतात, मीसुद्धा. घरातली खानावळ बंद करून ती इथं आली. तिथली जागा भाच्यानं लगेच मोबाइलवाल्याला दिली. म्हणजे इथं जमलं तर जमलं, नाहीतर परत जायला तिला चूलच नाही. आज टेम्पोतून तिच्या देगा, मोठाली पातेली, उतरल्या. मागच्या घरातून ऋतुराजची आई, द्वारकाबाई, बघत उभी; वयामुळं सगळे तिला आजीच म्हणतात. सातबारा तिच्या नावावर आहे, त्यामुळं ती बघायला लागली की सगळे थांबतात. तिनं देगा बघितल्या, आपाचा दुपट्टा बघितला आणि म्हणाली,

"माझ्या जागेत बाहेरचं काही शिजायचं नाय. सांगून ठेवते."

ऋतुराज पांढरा पडला. त्याची बायको सायली मोबाइलमध्ये काहीतरी शोधायला लागली. आपा देगेच्या काठावरून नुसता हात फिरवत राहिली. शेवटी मीच बोललो.

"बरोबर आहे आजींचं. पण मग मिरचीपासून सुरुवात करावी लागेल."

"मिरचीनं काय केलं?"

सांगितलं. मिरची बाहेरची. बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, मका, सगळं अमेरिकेतलं, पोर्तुगिजांच्या गलबतांतून आलेलं. गामा यायच्या आधी ह्यातलं आपल्याकडं काही नव्हतं.

"कोन गामा? पैलवान?"

"वास्को द गामा, आजी. चौदाशे अठ्ठ्याण्णव."

आणि ऋतुराजला एकदम कंठ फुटला. "आई, अगदी तू म्हणतीस तसंच! बाहेरचं काही म्हणजे काही नाही. गामाच्या आधीची थाळी!" सायलीनं टाळी वाजवली. "काय नाव आहे!" दोघं इतक्या जोरात खूश झाले की द्वारकाबाईला पुढचं बोलायला जागाच राहिली नाही. चुकीच्या गल्लीत शिरलेल्या बैलांकडं बघावं तसं आमच्याकडं बघून ती आत गेली.

मूर्खांच्या घोळक्यात एकाला तरी इतिहास येत असावा.

२१ डिसेंबर, रविवार

मेनूकार्डावर ऋतुराजला "अर्ध्या पानात जगाचा इतिहास" पाहिजे. अर्ध्या पानात ह्याचा सातबारा मावत नाही.

मी लिहिलं ते असं. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं. पुस्तकवाले ह्याला जगाच्या इतिहासाची कलाटणी म्हणतात. कलाटणी कसली, युरोपात मिरी महागली. खारवलेल्या मांसावर टाकायला चिमूटभर मिरी परवडेना म्हणून ती मंडळी समुद्रात घुसली. धाडस, शोध, नवं युग म्हणून आपण जे घोकतो त्याच्या बुडाशी एवढंच, की ह्यांच्या जेवणाला चव नव्हती. कोलंबस मिरी शोधायला उलट्या दिशेनं गेला, भलत्याच खंडावर आपटला, तिथल्या माणसांना इंडियन म्हणाला आणि मिरचीला मिरी. दोन्ही चूक. पेपरात मी असं लिहिलं तर भोपळा मिळाला, त्याला पुतळे मिळाले. आणि त्या चुकीपायी तिथली किती माणसं मेली, ते अर्ध्या पानात घालायचं तर मेनूकार्डावर जेवणाला जागा उरत नाही.

गामा सहा वर्षांनी बरोबर पोचला, कालिकतला. कोचीला त्याला पहिल्यांदा पुरलं होतं ते चर्च मी बघितलंय. बाहेर भाड्याची सायकल लावली होती, येईपर्यंत गायब. गामानं आपल्याकडून काय काय नेलं त्यात ती धरावी. त्या सायकलवाल्यानं मला दोन दिवस त्याच्या दुकानात पंक्चर काढायला बसवलं, तिथंच मला फिशकरी शिकवणारा भेटला... हे कुठं चाललंय. असो.

खरी गंमत आपल्या लोकांची. ही लाल शेंग इथं उतरली तेव्हा हिला काय म्हणायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. तिखट आहे ना, मग मिरीचीच कुणीतरी असणार. मिरी, मिरची. घरातल्या म्हातारीचं नाव बाहेरून आलेल्या पोरीला लावलं आणि तिला थेट चुलीपाशी बसवलं. म्हातारी गेली डब्याच्या तळाशी. तू कुठली, कुणाची, एकानं विचारलं नाही.

ऋतुराजनं वाचलं आणि म्हणाला, "भावा, एवढं कोण वाचणार? वर एक गलबत टाकू, खाली भाला."

२४ डिसेंबर, बुधवार

स्वयंपाकघराची झडती घेतली. बटाट्याचं पोतं, टोमॅटोचे क्रेट, शेंगदाण्याचे डबे, लाल तिखट, हिरवी मिरची, सगळं बाहेर. आपा कमरेवर हात ठेवून बघत होती.

"शेंगदाणे भी नक्को?"

"नक्को."

"फिर बैंगन में क्या कूटके डालूं? तेरा इतिहास?"

"तीळ आहेत, कारळं आहे, जवस आहे."

"हौ. और तिखट की जगह तेरी जबान कापके डालती."

सायलीचं वेगळंच रडगाणं. फलकावर सीताफळ रंगवून झालंय, दौलताबादचं म्हणून. मी म्हटलं, ते पण बाहेरचंच, त्यावर लोक भांडतात, पण बहुतेक बाहेरचंच. ती म्हणाली, "सीतेचं नाव आहे त्याला!" मी म्हटलं, नाव काय, मिरचीलापण मिरीचंच आहे. पेंटर म्हणाला, वरून पान काढून वांगं करतो. आता आमच्या फलकावर खवल्याखवल्यांचं वांगं आहे. ह्या लोकांच्या हातात राज्यं दिली असती तर गामाला तोफा आणायची गरज पडली नसती.

दुपारी द्वारकाबाईनं मला कुंपणापाशी बोलावलं.

"गाम्या, इकडं ये." नाव पडलंच शेवटी. "ती बाई पाण्याच्या टाकीला हात लावती का?"

"लावते की."

"आमच्या घरात तेच पानी येतं."

"आजी, पाण्याची काळजी नको. बोअरचं आहे, शंभर टक्के इथलं."

तिनं मला खालून वर न्याहाळलं. "तुला साळंत घातलं होतं का रं?"

म्हाताऱ्या माणसांना एकदा नियम समजावून सांगितला की तो किती बारकाईनं पाळतात बघा. मी थाळीपुरतं बोललो होतो, ही पाण्यापर्यंत गेली. संध्याकाळी घराला वेगळी पाइपलाइन टाकायला माणूस आला.

२८ डिसेंबर, रविवार

मिरचीबिगर खलिया झाला. काळी मिरी, सुंठ, पिंपळी. ऋतुराज पहिल्या घासाला ठसकला आणि पाण्याच्या ग्लासात थुंकला. सायली म्हणाली, "सर्दीचा काढा लागतोय." मी चाखला. मटणाला ताप आल्यासारखी चव होती.

आपाला मी म्हटलं, जमत नसेल तर सांग. चिडली. तिच्या घरात सांगतात, तुघलकानं दिल्ली उठवून दौलताबादला आणली तेव्हाच्या फौजेबरोबर त्यांचा मूळपुरुष आला, देग घेऊन. "तवा कुठं मिरची होती? तवाबी लोग खातेच थे ना?" शहरातला प्रत्येक खलियावाला हेच सांगतो. तुघलकाच्या फौजेत लढायला कुणी होतं की सगळे आचारीच होते, देव जाणे.

पण मला हिशेब आवडला. तुघलक तेराशे सत्तावीस, गामा चौदाशे अठ्ठ्याण्णव. म्हणजे हिचं खरं धरलं तर ही बाई मिरचीच्या पावणेदोनशे वर्षं आधी आलीय. मेनूकार्डावर टाकायला पाहिजे.

तिला विचारलं, एवढी मरमर कशाला करतेस, मिरची परत आणू, कोण तपासणार आहे? ती मिरी पाट्यावर वाटत होती. मान वर न करता म्हणाली, "मिरची निकालके बात बनती, तो बनने दे बेटा."

बात म्हणजे चव म्हणत असावी.

१ जानेवारी, गुरुवार

वाळूजहून पप्पांचा फोन. हॅपी न्यू इयर, आणि अजून तिथंच आहेस का? म्हटलं हो. त्यांनी तेच पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली.

आज खलिया जमला. कसा ते विचारू नये. मिरी आधी तुपात जाते एवढं मला दिसलं. वरून खाल्ला तर काही नाही, आणि घास गिळल्यावर कानामागं हळूच ऊब येते. ऋतुराज दुसऱ्यांदा मागायला आला. आपाला काय झालं कोण जाणे, पितळेच्या वाटीत खलिया काढून झाकण घालून सायलीला म्हणाली, "अम्मीकू दे. बोल, बाहर का कुछ नहीं डाला."

वाटी तासाभरात परत आली. घासलेली, चकचकीत, रिकामी. आपा ती हातात घेऊन उभीच राहिली.

"काय झालं? स्वच्छ तर आहे," मी म्हटलं.

सायलीनं मला बाजूला ओढलं. "वाटी रिकामी परत पाठवत नाही रे कुणी. काही नाही तर साखरेचे चार दाणे टाकतात."

एका वाटीवरून एवढं. दोन्ही घरांत हीच रीत आहे म्हणे, म्हणून दोघींनाही एकमेकींचं बरोबर कळलं. ह्यांना कॉन्स्टँटिनोपल कधी पडलं ते माहीत नाही, पण वाटीत साखर नव्हती हे दोघी मरेपर्यंत लक्षात ठेवणार.

६ जानेवारी, मंगळवार

अंगारकी. आज मी माती खाल्ली. सविस्तर लिहितो, नाहीतर उद्या माझीच बाजू बरोबर वाटायला लागेल.

दुपारी द्वारकाबाई ओट्यावर फराळाला बसली होती. ताटात साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कोपऱ्यात भगर. मी समोरून चाललो होतो. गप्प जायला काय झालं होतं? पण ताट बघितलं आणि हसू फुटलं.

"काय दात काढतो रं गाम्या?"

"आजी, तुमच्या ताटात भगर सोडली तर सगळं बाहेरचं आहे."

"उपासाचं हाय ते."

"उपासाचं म्हणजे पोर्तुगिजांचं. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, एकजात अमेरिकेतून. ज्वारी-बाजरी गामाच्या हजारो वर्षं आधीची, ती उपासाला चालत नाही. गलबतातून उतरलं ते सगळं देवाला चालतं."

"मंग गलबताआदी आमी उपासाला काय खायाचो?"

"भगर. आणि उरलेला वेळ तोंड बंद."

ह्यावर ती चक्क हसली. मला वाटलं, मैदान मारलं. मग तिनं घास हातात तसाच धरून विचारलं, "किती वरसं झाली म्हनतूस मिरचीला येऊन?"

"चारशेच्या वर."

"अन् घरची व्हायला किती लागली?"

"काही नाही. मिरीचं नाव लावलं आणि आली घरात."

इथं थांबायचं. इथं कुणीही माणूस थांबला असता. ऋतुराज मागं पायरीवर उभा राहून मला डोळ्यांनी खुणावत होता, मला वाटलं कौतुकानं. मी म्हटलं, "आणि आजी, बिल्किसआपाची माणसं तर तुघलकाबरोबर आलीत. मिरचीच्या आधी. तुमच्या साबुदाण्यापुढं ती इथली मूळ रहिवासी."

द्वारकाबाईनं घास ताटात ठेवला. हात धुतले. आत गेली. अर्धं ताट तसंच.

ऋतुराजनं मला हॉटेलच्या मागं नेलं. "तुला खरंच कळलं नव्हतं? बाहेरचं म्हणजे कोण?"

मी म्हटलं, मिरची.

"अरे गाढवा. *आपा.* आई पहिल्या दिवशी आपाबद्दल बोलली. तू येड्यासारखं मिरची-मिरची सुरू केलंस, मी म्हटलं बरं झालं, ह्या धुरात संक्रांत निघून जाईल, एकदा गिऱ्हाईक आलं की आई बोलणार नाही. आणि तू जाऊन तोंडावर नाव घेतलंस."

सगळ्यांना माहीत होतं. ऋतुराजला, सायलीला, पाइपलाइनवाल्यालासुद्धा. जगाची वळणं सांगणारा एकटाच रस्त्यावर उभा होता.

संध्याकाळी ऋतुराजनं आपाला सांगितलं, शनिवारी टेम्पो बोलावतो. पैठणचा एक आचारी बघितलाय. सांगताना हा माणूस फलकावरच्या वांग्याकडं बघत होता. आईच्या मनात नसेल तर मी काय करू, म्हणाला. आईनं सांगितलं का जा म्हणून? नाही, पण जेवण सोडून उठली ना. म्हणजे विचारलंसुद्धा नाही ह्यानं. जमीन आईची, भीती स्वतःची, एवढीच ह्याची मालमत्ता.

८ जानेवारी, गुरुवार

आपा देगांना आतून तेल लावून कागद घालतेय. मी दारात उभा राहिलो. मला वाटलं देग फेकून मारेल.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशी."

"मग माझं का ऐकत होतीस? मिरची काढ, शेंगदाणे काढ..."

"तू इतना खुश होके बोल रहा था. मैं बोली, चार दिवस लोगां मिरचीकू बाहर का बोलेंगे, तो मेरेकू भूल जायेंगे." मग हसली. "गरीब मिरची."

मी सॉरी म्हटलं. सॉरी हा काही फार कामाचा शब्द नाही. तिनं मला देगेची दुसरी कडी धरायला सांगितली.

आणि एवढं झाल्यावर ह्या बाईनं काय करावं? दुपारी शेवटचं म्हणून खलिया केला, तीच पितळी वाटी भरली आणि पुन्हा मागच्या घरी पाठवली. मी म्हटलं, काय लाज आहे की नाही? एकदा रिकामी आली तेवढी पुरे नाही का?

"उसका उपास मेरे नाम पे टूटा," ती म्हणाली. "घर से भूका उठा कोई तो अच्छा नहीं लगता."

वाटी अजून आलेली नाही. म्हणजे आता वाटीपण गेली.

१० जानेवारी, शनिवार

माझी पण बॅग भरली. टेम्पोत पुढं बसून रोशन गेटपर्यंत जातो, आपाच्या देगा उतरवतो, मग स्टँड. ऋतुराज म्हणाला, "तू कशाला जातोस, तुझी स्टोरी तर थाळीसाठी पाहिजे." स्टोरी! म्हटलं, पैठणच्या आचाऱ्याला सांग, तुघलकाबरोबर आलो म्हण. तो खांदे उडवून गेला. ह्या माणसाचा राग करायलाही लाज वाटते, एवढा तो छोटा आहे. मीही फार मोठा नाही.

स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसून लिहितोय. आत आपा ओटा धुतेय. सोडून जाणार त्या घराचा ओटा धुणारी माणसं मला कधी कळली नाहीत. मेनूकार्डं छापून आलीत, गठ्ठा माझ्या शेजारीच पडलाय. वर गलबत, खाली भाला, मधे माझं एकच वाक्य ठेवलंय: "तू कुठली, कुणाची, एकानं विचारलं नाही." त्याच्या खाली शुद्ध तुपाची जाहिरात. मी हे लिहिलं तेव्हा हुशारी म्हणून लिहिलं होतं. आज वाचवत नाही.

टेम्पो आला वाटतं. फाटकाची कडी वाजली.

नाही, टेम्पो नाही. सायली पळत आली, दम लागलाय, नुसती पदर सावरत मागं बोट दाखवतेय.

द्वारकाबाई. फाटकातून नाही, कुंपणाच्या फटीतून, जिथून कोंबड्या येतात तिथून आलीय. हातात पितळेची वाटी, काठोकाठ भरलेली. हिरव्या मिरच्या, देठासकट, तिच्या परसातल्या. मला ओलांडताना म्हणाली, "सरक गाम्या. पहिल्या वाटीत मिरी लई झाली व्हती. दुसरी बरी व्हती. पन मिरचीबिगर घशाखाली उतरत नाय, सांग तुझ्या पैलवानाला."

आणि आता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती चपला काढतेय.